आदी तुजं बोट दे

अगं पोरी, फोन कानाशी धर जरा, आणि आधी बोलणी खा. हिंजवडीच्या दवाखान्यात नर्स झालीस, महिना महिना मावशीला फोन नाही. परवा केलास तोही काय, तर म्हणे पेशंट गेला तरी आता काही वाटत नाही, दगड झालेय मी. दगड कधी मावशीला फोन करतो का गं?

हे मलाही झालं होतं. करोनात मी आपल्या मुठा खोऱ्यात आशा सेविका होते, तुला माहीतच आहे. घरोघर जायचं, ताप बघायचा, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावायचं आणि आकडा वहीत लिहायचा. लोक मला बघून दार लावून घ्यायचे. जिच्या तीन बाळंतपणांना मी सोबत गेले, तिनंही कवाडाआडून सांगितलं, आमी बरे हाय, पुढं जा. एका आठवड्यात वाडीतली दोन माणसं गेली आणि मला रडूच आलं नाही. सकाळी तथागतांच्या तसबिरीपुढे वंदना म्हणायचे, तीही सोडली. त्यांना म्हटलं, रोज शरण येऊन थकले, आता होत नाही माझ्याच्यानं. राजीनामा लिहून पिशवीत ठेवला होता.

त्या दुपारी टेकाडावरचं एकच घर उरलं होतं. तिथली सून तापानं वेगळ्या खोलीत होती. पण माझा पाय उचलेना. खाली बांधावर बसले आणि कालचाच आकडा, शहाण्णव, आजच्या रकान्यात लिहून टाकला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वही मिटते तोच वरून हाक आली, "आशाबाई, च्या ठिवलाय, ये की वर." किती दिवसांत मला कुणी चहाला बोलावलं नव्हतं. गेले. अंगणात तोंडाला पदर बांधलेली एक म्हातारी, रोज मागच्या खोलीत असायची म्हणून मी कधी न पाहिलेली. त्या घरच्या सासूची बहीण, ताम्हिणीहून आली आणि टाळेबंदीत अडकली. मी यंत्र काढून आत निघाले तर वाटेत उभी राहिली.

"आदी तुजं बोट दे."

मी म्हटलं, आजी, मला काही झालेलं नाही.

"समद्यांचं मोजतीस. तुजं कोन मोजतंय?"

आणि माझ्याच हातातलं यंत्र घेऊन माझ्या बोटाला लावलं, तेही उलटं. मी सरळ केलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं, अठ्ठ्याण्णव.

"मंग चांगलं हाय की. रडतीस कशापायी?"

तेव्हा मला कळलं की मी रडतेय. चहा निवून गेला, तरी तिनं हात सोडला नाही.

मग आत गेले. सून हसून बोलली, पण आकडा आला शहाऐंशी. लगेच रुग्णवाहिका बोलावली. पंधरा दिवसांनी ती चालत घरी आली. वहीतला खोटा आकडा मी त्याच अंगणात खोडला होता.

आपल्यात चमत्कार मानत नाहीत, मीही मानत नाही. एका म्हातारीला चहा करावासा वाटला, एवढंच. टाळेबंदी उठल्यावर ती आपल्या गावी गेली, पुन्हा भेट नाही. पण दुसऱ्या दिवशी वंदनेला बसले तेव्हा उमगलं, इतकी वर्षं मी शरण म्हणत होते आणि सगळा भार मात्र एकटीच्याच डोक्यावर धरून बसले होते. आपलं बोट दुसऱ्याच्या हाती देणं, यालाच शरण जाणं म्हणत असावेत. राजीनामा चुलीत घातला. तिचे उपकार रोज आठवते.

तर पोरी, रजा माग. कुणी विचारलं तर आजारी आहे म्हण, ते काही खोटं नाही. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, नुसती पडून राहा, मी भाकरी टाकते. या रविवारी ये गं.