नागव्वाचं केकताड

रंगभूमीवर मी राजे केले, साधू केले. पण खरा मानाचा प्रवेश पाहिला तो होटगी रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. नायिका आमच्या कुंभारी गावातली शेजारीण नागव्वा, वय त्रेसष्ट.

तिच्या घरात पिढ्यानपिढ्या केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, धाग्याचे दोर वळतात. नायलॉन आलं आणि त्या दोरांना कुणी विचारेना. मग गेल्या वर्षी शेडमालक संगमेशनं ठरवलं, हेच धागे वितळलेल्या प्लास्टिकमध्ये दाबून खुर्च्यांच्या बैठका करायच्या. नागव्वानं गल्लीभर सांगितलं, "आता आमचं केकताड खुर्चीत बसनार!"

पण नमुन्याच्या पट्ट्या अठरा किलोलाच मोडल्या.

"मावशी, तुमचा धागाच कच्चा," संगमेश म्हणाला. "मी काचेचा मागवतो."

शब्द तिला लागला. तिनं मोडकी पट्टी उन्हात धरून मला दाखवली. "अण्णा, बगा की. धागा कुटं तुटलाय? अख्खा उपसून आलाय. प्लास्टिकनं त्याला धरलंच न्हाय!"

मग तिनं जुडीतला एक धागा चिमटीत चोळला. बोटं तेलकट झाली. हात सोलू नयेत म्हणून दोर वळताना धाग्याला करडईचं तेल चोळायची त्यांची रीत. इथं तर कौतुकानं तिनं दुप्पट चोळलं होतं.

"तेलकट तोंडावर आमचा रंगसुद्धा बसत नसे," मी म्हणालो.

"मग आदी सांगायचं की! जन्मभर नुसत्या मिशा लावून हिंडला!"

तिच्या हट्टापायी संगमेशनं तेल काढायला कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी करून दिलं. पहिली जुडी त्यात जास्त वेळ राहिली. धागा चिमटीतच तुटला. दुसऱ्या वेळी नागव्वा पिंपापाशीच बसली. रबरी हातमोजे घालून दर थोड्या वेळानं एक धागा काढी, धुई, ओढून बघी. तेल गेलं, धागा खरखरीत झाला आणि ताकद अजून शाबूत आहे, अशा नेमक्या घटकेला तिनं जुडी बाहेर काढली. स्वच्छ धुतली, वाळवली.

नव्या पट्टीला वजनं टांगली. अठरा. बावीस. सव्वीस. एकतिसाला कडकन आवाज झाला. मोडलेल्या टोकाशी धागे तुटले होते, निसटले नव्हते. प्रत्येकाला प्लास्टिक चिकटलेलं.

संगमेशनं फोन लावला. "काचेचा धागा राहू द्या." मग तिच्याकडे वळला. "मावशी, पुढचं केकताड बिनतेलाचं आणा."

"आनते. पन कच्चा म्हनला होतास, ते आदी मागं घे."

त्यानं हात जोडून शब्द मागं घेतला. नाटकांच्या एवढ्या प्रयोगांत मी टाळ्या घेतल्या. त्या दिवशी उभं राहून एकट्यानं वाजवल्या.