घडवंचीचा चौथा पाय

एकोणीसशे एकोणसत्तर साल. मी सोळा वर्षांचा होतो. कारहुणवी चार दिवसांवर आली होती. ही आमच्याकडची बैलांची पुनव, कोल्हापूरकडचे लोक तिला कर्नाटकी बेंदूर म्हणतात. अप्पा गोठ्यासमोर उकिडवा बसून बैलाचं शिंग तासत होता. मी कपड्यांची पिशवी घेऊन त्याच्यापुढं उभा. हुबळीच्या एका पॉलिशवाल्या मिस्त्रीनं निरोप धाडला होता, आजच ये, नाहीतर दुसरा पोरगा घेतो.

अप्पानं मान वर केली नाही. शिंगाचा भुगा फुंकून म्हणाला, "जातोस तर जा. तुझं शिंग कोण रंगवणार?"

मी म्हणालो, "कुणीबी रंगवा. नाहीतर ठेवा तसंच."

एवढंच बोलणं झालं. अव्वानं, म्हणजे आईनं, पिशवीत दोन भाकऱ्या कोंबल्या आणि मी अळणावरच्या स्टेशनापर्यंत चालत गेलो. मागं वळून बघितलं नाही. हे मी पुढं कितीतरी वर्षं अभिमानानं सांगत आलो.

माझं शिंग म्हणजे काय, ते सांगतो. घरात दोन बैल, म्हणजे शिंगं चार. आणि माणसंही चारच. अप्पा, अव्वा, मी आणि धाकटा परसू. कारहुणवीला ज्यानं त्यानं आपापलं शिंग आपापल्या रंगानं रंगवायचं. अप्पाचा हुरमुंजी तांबडा, अव्वाचा पिवळा, परसूचा निळा, माझा हिरवा. मिरवणुकीत आमचे बैल बघून लोक हसायचे, पण अप्पानं कधी ऐकलं नाही. डब्याच्या तळाशी उरलेला रंग स्वैपाकघरातल्या घडवंचीला. पाण्याचे हंडे ठेवायची ती चार पायांची लाकडी घडवंची. तिचेही पाय चार, एकेकाला एकेक. माझ्या पायावर कोयत्याची खाच होती. ती मी सात वर्षांचा असताना पाडली आणि त्यापायी अप्पाचा मारही खाल्ला.

हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात मिस्त्रीचा कारखाना. मिस्त्री कन्नड बोलणारा, हाताचा कडक आणि मनाचा मऊ. घरची आठवण काढून मी गप्प बसलो की म्हणायचा, "होग्लि बिडो." म्हणजे जाऊ दे, सोड. आणि हातात पॉलिश पेपर द्यायचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा फडक्यात बांधायचा आणि लाकडावरून न थांबता फिरवायचा. थांबलं की डाग. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण धारवाडच्या मळमड्डीतल्या वकिलांच्या, मास्तरांच्या घरातली कपाटं अजून माझ्या हातची आहेत. त्यांत तोंड बघून भांग पाडता येतो. लाकडावरचे घाव, ओरखडे, आधीचे रंग, सगळं काढून टाकायचं आणि आतलं लाकूड आरशासारखं करायचं. माझी विद्या एवढीच.

गावी जात होतो. जत्रेला, परसूच्या लग्नाला. पुढं अप्पा गेला तेव्हा आणि त्यानंतर अव्वा गेली तेव्हाही. पण कारहुणवीला एकदाही गेलो नाही. मी बोलून बसलो होतो, ठेवा तसंच. तीन शिंगं रंगवलेली आणि एक उघडं, असे बैल वेशीतून येताना मला बघायचे नव्हते. अप्पा माझ्याइतकाच हट्टी, त्यानं ते तसंच ठेवलं असणार याची मला खात्रीच होती. त्यानं कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही. दर वर्षी त्या दिवशी मी मुद्दाम कामाची तारीख द्यायचो. काम नसलं तर घरातलीच खुर्ची घासत बसायचो. मोकळा बसलो की हिरवा रंग डोळ्यांपुढं यायचा. तुमच्यापैकी जे निघून आले त्यांना ठाऊक असेल, सण घरी असतो आणि आपण त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी ओव्हरटाइम करत असतो. जे मागं राहिले त्यांना हे कोण सांगणार, म्हणून लिहितो.

आता एकाहत्तरचा आहे. मळमड्डीत मुलाकडं असतो. माझी नात मेघना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं फर्निचर रंगवते. जुन्या बाजारातून टेबलं, आरसे, कपाटं आणते, त्यांना पांढरा नाहीतर फिकट निळा रंग देते आणि वाळला की कडा आणि कोपरे पुन्हा घासून काढते. आतलं लाकूड मुद्दाम दिसावं म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"इतकं चांगलं सागवान, त्याला चुना फासलास?"

"चुना नव्हे अज्जा, चॉक पेंट."

"आणि लावलेला रंग परत काढतेस?"

"लोकांना वापरलेलं दिसायला पाहिजे असतंय. जुनं, झिजलेलं."

"मग मलाच उभा कर की गिऱ्हाइकापुढं."

ती हसली आणि म्हणाली, "तुझ्यावर आधी पांढरा मारावा लागेल." उत्तर द्यायला ती माझ्या अव्वावर गेली आहे.

गेल्या चैत्रात परसूनं जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधायला काढलं. फोनवर म्हणाला, अण्णा, घडवंची तुला पाठवतो, इथं आता नळ आहे, ओट्यावर फिल्टर आहे. टेम्पोतून घडवंची आली. परसूनं मुलीच्या लग्नात दारांना तपकिरी ऑइलपेंट मारला होता, उरलेला तिलाही चोपडला होता. वरपासून खालपर्यंत एकच रंग, मातीच्या ढेकळासारखा.

मेघना म्हणाली, "अज्जा, मला दे. हळूहळू घासू."

मी म्हणालो, "हात लावू नको. आत शिसव आहे. तुला दाखवतो पॉलिश काय असतंय ते."

ती जुन्या बाजाराला गेली आणि मी दुपारी कामाला लागलो. हातमोजे घालून कॉस्टिक सोड्याचं पाणी लावलं, रंग सुरकुतून वर आला की पत्र्याच्या पट्टीनं एका ओढीत काढला. पन्नास वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. तपकिरीबरोबर काहीतरी तांबडं आलं, पिवळं आलं, निळं आलं. बादलीत सगळ्यांचा चिखल झाला आणि मी तो मोरीत ओतला. वरची फळी आणि तीन पाय असे उघडे केले. लाकूड खरंच शिसव निघालं. मी खूश होतो. चौथ्याकडं वळलो तेव्हा बोट खाचेत अडकलं. कोयत्याची खाच. मी चहा प्यायला उठलो. का उठलो, ते मलाच माहीत नाही.

तेवढ्यात मेघनाची स्कूटर आली. ती उघड्या पायांकडं बघत राहिली. भांडली नाही. म्हणाली, "अज्जा, खाली काय काय रंग होते, ते बघितलंस तरी?" मग बारीक पेपर पाण्यात बुडवला आणि चौथ्या पायाची कड हळू हळू घासायला लागली.

"मांजर चाटल्यासारखं काय घासतेस," मी म्हणालो.

"बघ तर खरं."

तपकिरीखाली हिरवा आला. त्याखाली केसासारखी बारीक काळी रेघ, ती चुलीच्या धुराची. तिच्याखाली परत हिरवा, जरा गडद. परत रेघ. परत हिरवा, पोपटी. झाड कापल्यावर खोडात वर्षं दिसतात तशी. मी चष्मा पुसून मोजायला बसलो. मी सहा वर्षांचा असल्यापासून रंग लावत होतो, म्हणजे माझ्या हातचे थर फार तर दहा. दहा झाले. अकरा झाले. वीस झाले. तिशी ओलांडल्यावर मला पुढचं दिसेना, मोजणं सोडून दिलं.

हा पाय जत्रेला गेलो की मी बघत नव्हतो असं नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात हंड्यांखाली हिरवा दिसायचा. वाटायचं, माझाच जुना रंग आहे, ऑइलपेंट टिकतोच.

परसूला फोन केला. "माझ्या पायाला रंग कोण लावत होतं?"

"अप्पा," तो म्हणाला. "आणिक कोण?"

"आणि शिंगाला?"

"शिंगालाबी. बैल विकले त्यानंतरही घडवंचीला लावत होता. मी एकदा म्हटलं, आण, मी लावतो, तर मला म्हणाला, तुझा पाय तुला दिलाय न्हवं?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलास, अण्णा? कारहुणवीला कधी आलास?"

मी फोन ठेवला. मेघना माझ्याजवळ बसून राहिली, हातात तो ओला पेपर तसाच. अप्पाच्या स्वतःच्या पायावरचे थर मी मोरीत ओतले होते. अव्वाचेही, परसूचेही. माझ्या विद्येनं ते काढले. उरला तो माझा पाय, जो माझ्या पाठीमागं अप्पानं सांभाळला आणि ह्या पोरीनं उघडा केला.

लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, अळणावरकडचं की धारवाडचं? मी आजवर ताठ मानेनं धारवाड सांगत होतो. गावचं घर तर आता उभंही नाही. पण मी नसताना जिथं माझ्या वाटचा रंग कुणीतरी डब्यात राखून ठेवत होतं, ते घर माझं होतं. मी मात्र ते उघड्या शिंगाचं समजून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचं दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. तीन लहान डबे आणले. अप्पाच्या पायाला हुरमुंजी तांबडा लावला, अव्वाच्या पायाला पिवळा. पॉलिश केलं नाही. माझ्या पायाला हात लावला नाही, तो मेघनानं घासला तसाच कडेला झिजलेला राहू दिला. परसूचा पाय उघडा ठेवला. निळ्याचा डबा न फोडता घडवंचीवर ठेवला, शेजारी ब्रश ठेवला आणि परसूला फोन लावून म्हणालो, "तुझा पाय कोण रंगवणार?"