गणपती गेले, टीव्ही आला नाही

आमच्या सुमंगलेविषयी लोक भरभरून बोलतात. किती साधी, किती शांत, किती समाधानी! बोलू देत. लोकांना ती घटकाभर रस्त्यात भेटते. मला ती भिंतीपलीकडे आहे, बारा महिने. ती माझी धाकटी जाऊ. तेव्हा तिच्याविषयी मी सांगते ते ऐका.

नार्व्याला आमचं एकच लांबलचक घर होतं, मध्ये भिंत घालून त्याची दोन केली. नदीकडची बाजू धाकट्या दिराला, गौरेशला गेली आणि रस्त्याकडची आम्हाला आली. गणपती बसतो ती खोली नेमकी त्यांच्या वाट्याला. तेव्हाच मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, "अहो, तोंड उघडा जरा." ह्यांचं नाव कृष्णनाथ, पण तोंड उघडायचं म्हणजे जेवायला. म्हणाले, "आई आपल्याकडे राहते म्हणाली ना? मग झालं तर." मी मनात हिशोब केला. गणपती पाच दिवसांचा, सासू कायमची. वाटणीत मी हरले नव्हते.

आणि सासूला मी ठेवलं कसं, ते नार्व्यात कुणालाही विचारा. रुक्मिणीबाईंनी उभा जन्म शेतात आणि चुलीपुढे काढला. माझ्याकडे आल्यापासून इकडची काडी तिकडे केली नाही. करू दिली नाही मी. त्यांच्या खोलीत वेगळा पंखा, पाठीला उशी लावलेली कदेलाची खुर्ची, पायाखाली पाट. माझा सिद्धेश पर्वरीला नोकरीला आहे, त्यानं आजीसाठी भिंतीएवढा टीव्ही आणून लावला. खुर्चीत बसून चहा प्यायचा, मालिका बघायच्या आणि जेवण तयार झालं की हाक यायची. देवळात बायका म्हणायच्या, "सुलोचना, सासूला फुलासारखी ठेवलीस गो." मी म्हणायची, "त्यात काय मोठंसं!" आणि घरी येईपर्यंत तेच मनात घोळवायची.

सुमंगलेकडे असलं काही नव्हतं. ती पेडण्याची, दुकानदाराची मुलगी. डिचोलीला कचेरीत कामाला जाते. संध्याकाळच्या बसनं उतरते, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात मासळीची पिशवी. बोलणं कमी. हसली की डोळे मिटतात. स्वयंपाक बेताचा. कारलं चिरायला बसली तर अर्धं कारलं बियांबरोबर फेकून देते. अशा बाईचा हेवा करण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. मला नव्हताच हेवा. चतुर्थीपर्यंत नव्हता.

त्यांचा टीव्ही असायचा पुढच्या खोलीत, गणपतीच्याच जागेवर. दर चतुर्थीला तो काढून चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत न्यायचा, वर माटोळीची लाकडी चौकट बांधायची, फळं-पानं लटकवायची, गणपती बसवायचा. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी टीव्ही परत जागेवर. गोव्यात किती घरांतून हे असंच चालतं. गेल्या वर्षी गणपती गेले आणि टीव्ही आला नाही.

मी विचारलं, "काय गो, बिघडला?"

"नाही वैनी. आज लावू, उद्या लावू करता करता राहून गेलं. मग वाटलं, असू दे."

आता ऐका हे! लोक टीव्ही सोडतात तेव्हा नवस बोलतात, चार जणांना सांगतात, निदान मुलांच्या परीक्षेचं तरी निमित्त करतात. हिचं काय, तर राहून गेलं! आणि दिवाळीनंतर एका रविवारी गौरेशच्या मोटारसायकलवर मागे बसून, चादरीत गुंडाळलेला टीव्ही मांडीवर उभा धरून ही पेडण्याला गेली आणि भावाला देऊन आली. अख्ख्या वाड्यानं बघितलं. जो तो म्हणायला लागला, "सुमंगलेनं संसार कसा सुटसुटीत केला बघा." मी रोज पहाटे उठून दोन चुली सांभाळते, त्याचं कुणाला काही नाही. एक डबडं पेडण्याला पोचवलं तर लगेच सुटसुटीत!

तेही मी सोडून दिलं असतं. पण आई तिकडे जायला लागल्या.

आधी तुळशीला पाणी घालून येते म्हणून गेल्या. मग गौरेशला दोन दिवस बघितलं नाही म्हणून. मग कारण सांगायचंच बंद झालं. पाच-साडेपाचची बस वळणावर वाजली की आईंचे कान टवकारायचे. खुर्चीतून उठायच्या, काठी घ्यायच्या आणि चालू लागायच्या. मागे टीव्ही बोलत राही, त्यांची आवडती मालिका चालू असायची, त्यातली सून विहिरीत पडायला निघालेली, आणि आईंना तिचं काही नाही!

मी भिंतीच्या अलीकडे. पलीकडून हसण्याचे आवाज. कधी आईंचा चढलेला स्वर, मग पुन्हा हसणं. शब्द कळायचे नाहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नक्की माझ्याविषयीच बोलत असणार. दुसरं एवढं हसण्यासारखं नार्व्यात आहे काय?

"आई, काय करता हो तिथे एवढं?"

"बसतंव."

"इथे बसायला जागा नाही का?"

"आसा मगो," म्हणायच्या आणि जेवायला बसायच्या. जेवायच्या मात्र दुप्पट. एकदा बघते तर बोटं काळी पडलेली. मी म्हटलं, "हे कसले डाग?" म्हणाल्या, "चिंच खाल्ली." ऐंशीच्या घरातली बाई, तोंडात दात चार, आणि चिंच खाते! मी साबणानं त्यांची बोटं धुऊन दिली. खोटं बोलतात हे कळत होतं. माझ्याशी खोटं बोलतात आणि तिच्याशी खरं, हे जास्त झोंबत होतं.

सुमंगलेला तिच्या दारातच गाठलं. "तू आईंना काय खायला घालतेस गो, की रोज ओढ लागते?"

ती डोळे मिटून हसली. "कायच नाही वैनी. आमच्याकडे आता टीव्ही नाही ना, मग नुसत्या गजाली."

आमच्याकडे टीव्ही नाही ना! हे असं म्हणाली की जणू माझ्याकडे कुठला तरी रोग आहे.

बरं, म्हटलं. तू एक सोडलास तर मी दोन सोडते. घरात दोन टीव्ही होते, एक बाहेरच्या खोलीत आणि एक आईंचा. दोन्हींच्या पिना काढल्या, वर टेबलक्लॉथ घातले. सिद्धेशला फोन केला की तुझी डिश बंद कर. तो म्हणाला, "आई, बरं नाही का तुला?" आमच्या ह्यांनी बातम्यांच्या वेळेला खोलीत येऊन झाकलेला टीव्ही बघितला, माझं तोंड बघितलं आणि चपला घालून केस कापणाऱ्याच्या दुकानात गेले. तेव्हापासून रोज तिथेच बातम्या बघतात. वाड्यात एवढी दाढी कुणाची गुळगुळीत नसेल.

आणि मी आईंसमोर जाऊन बसले. गजाली करायला.

"आई, बोला काहीतरी."

"कसलें?"

"कसलंही. तुमच्या लहानपणीचं."

आईंनी विचार केला. "लहान होतंव," म्हणाल्या.

मग बराच वेळ आम्ही दोघी झाकलेल्या टीव्हीकडे बघत बसलो. त्यांना काय विचारायचं ते मला सुचेना. मी चहा देऊ का विचारलं, उशी सरकवली, पंखा वाढवला. बस वाजली. आई उठल्या. जाताना त्या टेबलक्लॉथकडे बघून म्हणाल्या, "लाव गो तो. तुका बरो लागता." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन टीव्ही घालवले आणि सासू एक पाऊलही इकडे सरकली नाही!

त्यानंतर आठवडा गेला असेल. सुमंगला वसरीत येऊन उभी राहिली, पदराशी चाळा करत. ही पदराशी चाळा करायला लागली की काहीतरी मागायला आलेली असते.

"वैनी, रागावू नका हां. आई म्हणतात, त्यांची खाट आमच्याकडे आणूया. रात्रीच्या पण तिथेच राहतील. मी म्हटलं, वैनींना विचारल्याशिवाय नाही."

ही गोड बोलून माझं घर रिकामं करायला आली होती. वाटणीत मला जे मिळालं ते तेवढंच होतं. खाट गेली की उद्या देवळात बायका काय म्हणणार? फुलासारखी ठेवलेली सासू उठून धाकटीकडे का गेली? आणि लोकांचं जाऊ दे. सकाळी उठून चहाचा पहिला कप मी कुणाला देऊ?

"विचार करून सांगते," एवढंच म्हटलं. पण संध्याकाळी राहवेना. बस येऊन गेली, आई गेल्या, थोड्या वेळानं मीही तरातरा निघाले. आज सोक्षमोक्ष लावायचा. त्यांच्या मागच्या दाराशी पोचले आणि तिथेच थबकले.

आई खाली जमिनीवर बसल्या होत्या. खाली! त्यांच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून मी देवळातसुद्धा त्यांच्यासाठी खुर्ची मागून घेते. पुढ्यात चिंचांचा ढीग, पायाखाली दाबून धरलेली आदोळी, आणि त्या धारदार पात्यावर एकेक चिंच फोडून बी उडवत होत्या. समोर सुमंगला दुसरी आदोळी घेऊन. आणि आई तिला शिव्या घालत होत्या.

"गाढवीण मगो तूं! चिंच फोडतंय का बोट? पेडण्यात तुका कायच शिकवलें ना? कचेरीत खुर्चेर बसून हात मेले तुजे. हय बघ. हय धर. परत तशेंच! माजे आई, कोणें तुका न्हवरो दिलो गो!"

सुमंगला डोळे मिटून हसत होती. तिनं मुद्दाम आणखी एक चिंच वाकडी फोडली. आई आणखी भडकल्या. तोंड लाल, केस सुटलेले, अंगात आल्यासारख्या.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं माझ्या घरात आहेत. भाजी खारट झाली तरी "बरी जाल्या", भात करपला तरी "चलता". मला एकदा गाढव म्हटलं नाही हो! आणि हिला? हिला गाढवीण म्हणतात, हिच्या माहेराचा उद्धार करतात! साडी, दागिना, मान, कशाचा एवढा हेवा मला कधी वाटला नव्हता.

मी आत घुसले. "सुमंगले, लाज नाही वाटत? ह्या वयाच्या बाईला आदोळीवर बसवतेस? हात कापला म्हणजे?"

सुमंगला घाबरून उभी राहिली. आई मात्र उठल्या नाहीत. पात्याला लागलेली चिंच बोटानं निपटून काढली आणि म्हणाल्या, "तिका कशाक गाळी घालतंय? हांवेंच मागून घेतली आदोळी."

"मग मला नाही मागितलीत कधी!"

"तुज्या घरात माका कायच उणें ना गो." आवाज एकदम मऊ झाला होता. "सोयऱ्यांक कसलें उणें? सोयरी म्हणून आणि किती वर्सां रावूं?"

सोयरी. पाहुणी. मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. मग तशीच घरी आले.

रात्री खाट न्या म्हणून मीच निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरेश कामावर जायच्या आधी खाट उचलायला येणार होता. मी स्वयंपाकघरात होते. सुंगटं आणली होती, ताजी कोळंबी, ती सोलायची होती. हुमणाला, म्हणजे आमच्या मासळीच्या आमटीला, नारळ खवायला घेतला, पण डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं. रात्रभर रडून डोळे सुजलेले, ते कुणी बघू नये म्हणून दाराकडे पाठ करून बसले होते.

आई येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. काठी, शाल, हातात औषधांची पिशवी. निरोप घ्यायच्या तयारीनंच आल्या होत्या.

"सुलोचना, खाटीचें…"

"खाटीचं मागाहून," मी मान वर न करता म्हटलं. "आधी ही सुंगटं सोला. मला एकटीला होत नाही."

आयुष्यात त्यांना मी पहिल्यांदाच काम सांगत होते, तेही असं तोडून. वाटलं, आता आईंना राग येणार आणि त्या निघून जाणार. काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग दुसरा, आणखी जवळ. आई माझ्या शेजारी खाली बसल्या, कण्हत, गुडघ्यांना शिव्या देत. सुंगटांचं भांडं पुढ्यात ओढलं. एक सोललं, दुसरं सोललं. मग माझ्या हाताखालच्या ताटलीत डोकावल्या.

"हें किदें?"

"खोबरं."

"खोबरें? ही करवंटी! करवंटीसकट खवलंय न्हय? काळें हुमण खातलंय? म्हणूनच तुजें हुमण पयल्या दिसापसून असलें. लग्न करून आयलंय त्या दिसापसून पाणी गो नुसतें, पाणी! हांवें म्हटलें ना कायच, खालें मुकाट्यान. आवशीन शिकवूंक ना तुका? गाढवीण!"

गौरेश दारात आला होता. "आई, खाट…"

"कसली खाट? हात खराब आसात, दिसना? वच तूं कामाक!"

तो गेला. आई थांबल्या नाहीत. माझी उकडी पेज, माझं लोणचं, मी सिद्धेशला लहानपणी तेल कसं चोळायची, सगळं बाहेर पडायला लागलं. इतकी वर्षं साठवून ठेवलेलं. लागत होतं मला. हुमणाचं तर फार लागलं. रडू येत होतं आणि हसूही.

एवढ्यात पलीकडे सुमंगलेच्या चपला वाजल्या, बसला निघाली होती. मी उठले, तिच्या बाजूची खिडकी सताड उघडली आणि म्हटलं, "आई, काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा."