वॉटफर्डला पट्टकादंब दिसला तेव्हा

गेल्या सप्टेंबरात माझी आत्या नागपूरहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये वॉटफर्डला राहायला आली. ती भूगोलाची शिक्षिका. नोकरीभर फळ्यावर पँगाँग सरोवर काढत आली आणि रिटायर झाल्यावर एकदाची लडाखला जाऊन ते बघून आली. तेव्हापासून ब्रेकफास्टला पँगाँग, भाजी चिरताना पँगाँग.

रविवारी तिला जवळच्या रेझरवॉयरवर नेलं. काठावर कॅनडा गीजचा, म्हणजे इथल्या तपकिरी रानहंसांचा, मोठा थवा चरत होता. मी चहा ओतत होते, तेवढ्यात आत्या ओरडली, "अगं ए! पट्टकादंब!"

"कोण?"

"तो राखाडी! डोक्यावर दोन काळे पट्टे बघ. पँगाँगच्या काठी पिल्लं घेऊन फिरत होते ना, तेच हे!"

गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी आत्या साडी सावरत पळत सुटली. मी मागोमाग. खरंच, त्या तपकिरी गर्दीत एकच फिकट, देखणा हंस!

बाकावर दुर्बीण घेऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ हसून म्हणाले, "एस्केप असणार. कोणाच्या तरी पाळीव पक्ष्यांच्या कलेक्शनमधून सुटलेला."

"पण याचं घर कुठे आहे, माहितीये तुम्हाला?" आत्याने विचारलं. दुकानात अडखळणारं तिचं इंग्रजी धबधब्यासारखं सुरू झालं. छत्रीच्या टोकाने तिने मातीत लांब, अरुंद, वाकडंतिकडं सरोवर काढलं. "हा तुकडा आमच्याकडे, हा मोठा भाग चीनकडे. चौदा हजार फुटांवर! पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून ते खारं. तरी हिवाळ्यात असं गोठतं की वरून चालता येतं. आमच्या बाजूला मासे जवळजवळ नाहीतच, पण काठच्या दलदलीत हे अंडी घालतात. माळावर रानगाढवं, बिळांतून डोकावणारे लठ्ठ मार्मट. आणि थंडी पडली की हे हिमालय ओलांडून आमच्या विदर्भातल्या तलावांवर येतात."

"ओव्हर द हिमालयाज?" गृहस्थ उठून उभे राहिले.

"ओव्हर!" आत्याने छत्री आभाळाकडे उंचावली.

त्या छत्रीला बिचकून की काय, अख्खा थवा कलकलाट करत उडाला. पट्टकादंबही त्यांच्यात होता. आमच्या डोक्यावरून तो इतक्या खालून गेला की पंखांचा वारा जाणवला. आत्या टाळ्या पिटत होती, मी किंचाळत होते आणि ते गृहस्थ दुर्बीण डोळ्याला लावायचं विसरून नुसते बघत राहिले.

पुढच्या रविवारी ते आपल्या तीन पक्षीवेड्या मित्रांना घेऊन आले. हंस काही आला नाही. पण आत्याने त्या चौघांना पाऊण तास पँगाँग शिकवलं. रानगाढवं त्या उंचीवर खातात काय, बर्फ किती जाड होतो, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं.

घरी येताना बसमध्ये आत्या खुशीत म्हणाली, "वर्ग चांगला आहे गं. प्रश्न विचारतात."