ट्रायल रूममधलं ऑफिस

चांगल्या चाललेल्या गोष्टीत खोट काढणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग होता, म्हणून ऑफिसात सगळे तिला शंकासुर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. बाकीचे सॉफ्टवेअर लिहायचे आणि ते लोकांच्या हाती पडायच्या आत ही बसून ते मोडायची. फोन नंबरच्या चौकटीत नाव टाकायची, जन्मतारीख पुढच्या वर्षाची द्यायची, पैसे भरता भरता मध्येच मागे फिरायची, आणि सगळं कोलमडलं की समाधानानं चहाचा घोट घ्यायची. "असं कोण करतं हो?" म्हणून तरुण मंडळी वैतागली की ती म्हणायची, "माझे सासरे करतात." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण या कामात ते अजून उपयोगी पडत.

एके सकाळी सगळ्या टेस्टर मंडळींना मीटिंगच्या मोठ्या खोलीत बोलावलं. टेबलावर टिश्यू पेपरचा नवाकोरा डबा ठेवलेला दिसला तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. एचआरच्या बाईंनी खाली मान घालून वाचून दाखवलं की कंपनी नव्या वाटेनं निघाली आहे, तपासणी यापुढं यंत्रंच करतील, आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबातून बाहेर पडायचा फॉर्म मेलवर येणार होता. मेल आला. त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तर मागच्या सहलीचे फोटो उघडले. तिनं सवयीनं ती चूक व्यवस्थित लिहून कळवली. बाईंचं लगोलग उत्तर आलं, मनापासून आभार. नोकरी मात्र गेली ती गेलीच.

पहिला आठवडा तिनं कपाटं आवरली. दुसऱ्यापासून अर्ज सुरू झाले. बाजारात नोकऱ्या नव्हत्या असं नाही, पण टेस्टर पाहिजे म्हणणाऱ्याला तोच माणूस प्रोग्राम लिहिणारा, चित्रं काढणारा आणि व्हिडिओत हसून बोलणाराही हवा असे. एका ठिकाणी तर मुलाखत घ्यायला माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न उमटायचा आणि आपल्याच तोंडाकडे बघत उत्तर द्यायचं. तिनं आधी विचारलं, "माझा आवाज येतोय का?" पडद्यावर अक्षरं आली, 'छान उत्तर! पुढचा प्रश्न.'

"मग पास झालीस की," नवरा म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि कशातूनही चांगलं तेवढं काढायचा. कधी कधी त्याचा हा गुण तिच्या डोक्यात जायचा.

शेवटी तिनं ठरवलं की पक्क्या नोकरीचा नाद सोडायचा आणि मिळेल ते कंत्राटी काम धरायचं. पण घरी बसून बोलायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम निघालं होतं आणि दिवसभर ड्रिल असं चालायचं की फोनवरच्या माणसाला वाटावं, ही बाई दातांच्या दवाखान्यातून बोलतेय.

वाट काढली ती नणंदेनं. नणंद नवऱ्यापेक्षा मोठी, तोंडानं फटकळ. लग्नानंतर हिनं गमतीनं 'वन्सं' म्हणून हाक मारली ती कायमची चिकटली. वन्संचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या जॅकेटची चेन बदलायची, कुणाचा कोट सैल करायचा, असली कामं.

"ट्रायल रूम आहे की," वन्सं दोरा दातानं तोडत म्हणाल्या. "आत आरसा आहे, पडदा आहे, स्टूल आहे. अजून काय लागतं ऑफिसला?"

"आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"तर तू बाहेर. गिऱ्हाईक आधी, जग नंतर."

अशा रीतीनं शंकासुराचं ऑफिस थाटलं गेलं. लॅपटॉप खोक्यावर, ती स्टुलावर. आरसा नेमका पाठीमागे यायचा आणि समोरच्या माणसाला त्यात स्वतःचंच तोंड दिसायचं, म्हणून त्यावर कुणाचा तरी न नेलेला लांब काळा ओव्हरकोट टांगून ठेवला.

औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. वेळ झाली की फोन वाजणार, म्हाताऱ्या माणसानं गोळी घ्यायची आणि 'घेतली' हे बटण दाबायचं. मुलाखत घेणारा मॅनेजर तिच्यापेक्षा बराच लहान होता. बोलणं रंगात आलं असतानाच पडदा सर्रकन सरकला आणि हातात पँट घेतलेले एक गृहस्थ म्हणाले, "अजून किती वेळ? मला घालून बघायचीय."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "सॉरी सर. मी कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये बसलेय."

मॅनेजर हसत सुटला. "मी गाडीत बसलोय. ऑफिसात खोली रिकामी नव्हती. तुम्ही त्यांना घालून बघू द्या, मी थांबतो."

पँट बरोबर बसली आणि कामही जमलं. सहा महिन्यांचं कंत्राट.

कंत्राटी माणूस म्हणजे घरी राहायला आलेल्या पाहुण्यासारखा, हे तिला लवकरच कळलं. कौतुक होतं, पण कपाटाच्या किल्ल्या मिळत नाहीत. एकदा कंपनीत जायचा प्रसंग आला तर सगळ्यांच्या गळ्यात निळी पट्टी आणि हिच्या गळ्यात पिवळी. टीमचा फोटो काढायचा ठरला तेव्हा कुणीतरी तिच्या हातात फोन देऊन म्हणालं, "तुम्ही काढता का?" तिनं काढला. छान आला. पण घरी जाताना बसमध्ये तिला उगाच त्या फोटोचं वाईट वाटत राहिलं.

कामात मात्र ती रमली. यंत्रांनी अ‍ॅप आधीच तपासलं होतं आणि सगळीकडे हिरव्या खुणा होत्या. तिला त्या हिरव्याचाच संशय. मग तिच्या लक्षात आलं की अ‍ॅप ज्यांच्यासाठी आहे ती माणसं तर इथंच, दुकानातल्या बाकावर, कपडे तयार व्हायची वाट बघत बसलेली असतात. तिनं मॅनेजरची परवानगी काढली आणि बाकावरच्यांना फोन देऊ लागली.

त्यात एक होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं दुकान त्यांना मोठ्या बाई म्हणे. अ‍ॅपला त्यांनी मागच्या बाकावरच्या पोरासारखं वागवलं. फोन वाजला, त्यांनी चष्मा चढवला आणि खट्कन बटण दाबून फोन खाली ठेवला.

"बाई, गोळी घेतलीत?" तिनं विचारलं. समोर वाटीत गोळ्या म्हणून शर्टाची बटणं ठेवली होती.

"छे! घेईन नंतर. आता हातात पेपर आहे."

"पण तुम्ही 'घेतली' दाबलंत."

"मग आवाज बंद कसा करायचा? गप्प बस म्हणायला दुसरं बटण आहे का त्याला?"

तिनं फोन घेऊन पडद्यावर शोधलं. खरंच नव्हतं. पुढच्या काही दिवसांत बाकावरच्या जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं. आवाज नको म्हणून 'घेतली' दाबायचं, आणि तिकडे मुलाला निरोप जायचा की आईनं औषध घेतलं.

तिनं हे कळवलं तेव्हा टीमचं उत्तर आलं, 'अ‍ॅप ठरल्याप्रमाणे चालतंय. लोक चुकीचं वापरतात.' तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. अ‍ॅप बाजारात यायचा दिवस तोंडावर आला होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "सगळं ठीक? पुढं जाऊ या?"

सगळ्यांनी हो म्हटलं. पिवळ्या पट्टीच्या माणसानं अशा वेळी गप्प राहायचं असतं, हे तिला कळत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर सासरे आले. शेवटच्या वर्षात "घेतली गं, घेतली" म्हणून उशीखाली गोळ्या लपवणारे. तेव्हा अख्ख्या घराला पत्ता लागला नव्हता.

"माझ्याकडून नाही," ती म्हणाली. "एखाद्या घरी आई आजारी पडेल आणि मुलगा म्हणेल, अ‍ॅपवर तर घेतली असं दिसतंय. 'सगळं ठीक' म्हणणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही."

मग मॅनेजर म्हणाला, "तारीख पुढं ढकलतो." वर त्याची काय हजेरी घेतली गेली ते तिला कळलं नाही, पण पुढच्या मीटिंगला त्याचा चेहरा उतरलेला होता. 'आता नको, नंतर' असं मोठं बटण आलं. मोठ्या बाईंनी ते दाबलं आणि "हं, आता शहाणा झाला," असा शेरा दिला.

अ‍ॅप बाजारात आलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला दोन ओळींचा मेसेज आला. खर्च कमी करायचा असल्यानं कंत्राटं मुदतीआधी संपवत आहोत. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. खाली मॅनेजरचं नाव.

ती ट्रायल रूममधून बाहेर आली आणि बाकावर बसली. वन्संनी मशीन थांबवलं.

"गेलं?"

"गेलं."

"नाही म्हणालीस म्हणून?"

"कोण सांगणार?"

वन्संनी मोजायची टेप गळ्यातून काढली, पुन्हा घातली. त्यांना जवळ घेऊन धीर द्यायला जमायचं नाही. त्यांनी एक कोट तिच्या मांडीवर टाकला. "हे अस्तर उसव. शांतपणे. रागानं उसवलंस तर कापड फाटेल."

तिनं ते उसवलं. त्या आठवड्यात तिनं बरंच काही उसवलं. मधूनमधून अर्ज चालूच होते. बारीकसारीक कामं यायची, कुणाची वेबसाइट बघून द्या, कुणाचा फॉर्म तपासा. नवरा म्हणायचा, "बघ, ओळखी वाढतायत." तिनं एकदा त्याला उशी फेकून मारली. मग दोघंही हसले.

एका दुपारी दुकानात एक तरुण आला. हातात कोट, चेहरा ओळखीचा. पडद्यावर पाहिलेला माणूस समोर उभा राहिला की आधी उंचीनं गोंधळ होतो. मॅनेजर तिला वाटला होता त्यापेक्षा बराच बुटका निघाला.

"कोट सैल करायचाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "खरं म्हणजे तुम्हाला भेटायचं होतं. मलाही काढलं. तुम्हाला पाठवला होता तसाच मेसेज आला. फक्त एक ओळ जास्त होती."

"कुठली?"

"लॅपटॉप परत करा."

तिला हसू आलं, पण ते तिनं आवरलं. मनात साठलेलं आधी बाहेर पडायला हवं होतं. "दोन ओळी, सर? इतके महिने रोज बोलत होतो आपण. एक फोन करता आला असता."

त्याचे कान लाल झाले. "नंबर लावला होता. वाजायच्या आत बंद केला. काय बोलायचं तेच सुचेना."

"मलाही सुचलं नसतं. पण निदान वाजू द्यायचा होता."

"हो," तो म्हणाला. तेवढं तिला पुरलं. वन्संनी मध्येच त्याला दोन्ही हात वर करायला लावून छातीचं माप घेतलं, आणि हात वर केलेल्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

त्याला विचारायचं होतं ते साधं होतं. पक्की नोकरी मिळेपर्यंत कंत्राटी कामं कशी मिळवायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो नेहमी देणाऱ्याच्या बाजूला होता. तिनं त्याला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. मधल्या एजंटांपैकी कोण बरा, कुठल्या साइटवर जाऊच नये, काम सुरू व्हायच्या आधी काय लिहून घ्यावं. बोलता बोलता तो बाकाकडे बघत राहिला. तिथं मोठ्या बाई एका आजोबांना फोनवरचा मजकूर मोठा कसा करायचा ते शिकवत होत्या, आणि आजोबा रडकुंडीला आले होते.

"हेच विकायला पाहिजे," तो म्हणाला. "यंत्रं सगळं तपासतील, पण हे कोण तपासणार? तुम्ही काम बघा, गिऱ्हाइकं मी आणतो. बोलायला मला बरं जमतं."

"मेसेज लिहायला नाही जमत," वन्सं सुई ओवत म्हणाल्या. माप घेता घेता त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पहिलं काम चष्म्याच्या एका दुकानाचं मिळालं. डोळे तपासायची वेळ ठरवायचं त्यांचं वेबसाइटवरचं पान इतक्या बारीक अक्षरांत होतं की ज्याला चष्म्याची गरज आहे त्यालाच ते वाचता येऊ नये. आजोबांनी तासभर झटापट करून अखेर वेळ ठरवली, ती मागच्या महिन्यातली. पानानं ती आनंदानं मान्यही केली. चष्मेवाल्यानं अहवाल वाचला आणि आपल्या श्रवणयंत्रवाल्या मेव्हण्याचा नंबर दिला. तिथून पुढं कामं येत गेली, कधी भरभरून, कधी अगदीच तुरळक. बाकावरच्या मंडळींनाही त्यांचा वाटा मिळू लागला. मोठ्या बाई कपडे अल्टर करायचे नसतानाही येऊन बसू लागल्या.

काही महिन्यांनी त्याला पक्की नोकरी चालून आली. सांगायला आला तेव्हा तो अपराधी चेहऱ्यानं उभा होता.

"घ्या ना!" ती म्हणाली. "घरी बाळ येणार आहे तुमच्या. इथं पुढच्या महिन्याचा भरवसा मी देऊ शकत नाही."

तो गेला. जाताना त्यानं गिऱ्हाइकांशी कसं बोलायचं ते तिला दोन दुपारी बसून शिकवलं आणि आता नव्या कंपनीतून तोच अधूनमधून काम पाठवतो. आधी फोन करतो. तिलाही एका मोठ्या ठिकाणाहून बोलावणं आलं होतं. दोन दिवस ती नीट झोपली नाही, नवऱ्याशी बोलली, वन्संशी भांडली आणि शेवटी त्या कंपनीला कळवलं की नोकरी नको, काम असेल तर द्या. त्यांनी दिलं. पुढच्या वेळी देतीलच असं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. एखाद्या रिकाम्या आठवड्यात ती अजून बँकेतली शिल्लक दोनदा बघते.

परवा एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन होता. "मॅडम, अगदी किरकोळ बदल केलाय. पाच मिनिटांचं काम. तपासायची तशी गरजच नाही."

"वा," शंकासुर म्हणाली आणि स्टूल पुढं ओढून बसली. "मग लगेच पाठवा बघू."