पांढरा सदरा आणि काळी पांदण

व्यंकटी गवंडी गल्लीला दोन रूपांत माहीत आहे. आठवडाभर कोपरापर्यंत सिमेंटनं राखाडी, आणि लग्न असलं की डोक्यापासून पायापर्यंत असा पांढरा, की बायकोच्या, सरजाबाईच्या, हातून नीळ जास्त पडली की काय अशी शंका यावी. बौद्ध समाजातली लग्नं लावायला आजूबाजूच्या गावांतून त्यालाच बोलावणं येतं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. घमेंडही तेवढीच स्वच्छ.

या घमेंडीला गेल्या पावसाळ्यात डाग पडला. फटफटीवरून पडून मांडी मोडल्यापासून तो कुणाच्या मागं बसत नाही. पुतण्या पुण्याला गेला, त्याची गिअरची सायकल मागं राहिली. जाड टायरची, दिसायला पैलवान, पण ना मडगार्ड ना मागं सामान ठेवायला कॅरेज. ती घेऊन व्यंकटी एका लग्नाला गेला. वंदनेला सगळ्यांची तोंडं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांकडं. सगळ्यांच्या पुढं व्यंकटी. म्हणजे अख्ख्या मांडवाला दिसते ती त्याची पाठ. आणि त्या पाठीवर कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा! बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि याला वाटत होतं, आज आवाज चांगला लागलाय. घरी सरजाबाईनं सदरा उलटा धरून दाखवला, तेव्हा कुठं उजेड पडला.

यंदा आषाढात फौजेतल्या सुगतचं लग्न ठरलं. पंचांग बघायचं नसतं, त्यामुळं आषाढ आडवा येत नाही. आडवी आली ती पलटण. सुट्टी अचानक आवरती घेतली. दुपारी मुदखेडहून गाडी, म्हणून लग्न सकाळी दहाला.

सुगत स्वतः सांगायला आला. "गुरुजी, दहाच्या पुढं गेलं की मला बिनलग्नाचं जावं लागंल. पुन्हा सुट्टी कवा, कुणाला ठावं?"

"तू काळजी करू नगंस. मी हाय की! आन् अवंदा माझी पाठ बघून घे म्हणावं समद्यांनी."

आदल्या दिवशी व्यंकटीनं बापाच्या जुन्या काळ्या सायकलची लोखंडी मडगार्डं काढली. त्यांचा बाक मोठा, गिअरच्या सायकलचं चाक बुटकं. ठोकून ठोकून वळवली. त्यांच्या आधाराच्या काड्या अडकवायला सांगाड्याला भोकंच नव्हती. तिथं पाइपाच्या क्लिपा आवळल्या, वर ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. टायर आणि पत्रा यांत बोट जाईना.

समोरचा शेषेराव चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलाच होता. "काय गुरुजी, म्हशीला पैंजण घालून राहिलाव का?"

"तुमचं चालू द्या."

"न्हाई, खरं सांगतो. मोठ्या रस्त्याचा पूल खांदलाय. जायचं पांदणीनं, काळ्या रानातून. आमी तर पावसाळ्यात हायती ती मडगार्डं काढून ठिवतो."

पण शेषेराव खरं बोलला तरी गल्ली हसते, हे त्याचं नशीब. व्यंकटी हसला आणि क्लिप आणखी आवळली.

सकाळी सरजाबाई पिशवी घेऊन दारात. "दुसरा सदरा घातलाय यात. असू द्या."

"मडगार्ड हायत की! आन् ठेवू कुठं? हँडलला लोंबतीय नुसती." पिशवी बाजेवर राहिली.

पांदणीला लागेपर्यंत सायकल राजासारखी चालली. मग काळी माती सुरू झाली. आधी टायरला चिकटली, मग टायर आणि पत्र्याच्या मधे शिरली, वर गवत, वर पऱ्हाट्यांचे तुकडे. चाक कण्हलं आणि थांबलं. व्यंकटीनं काडीनं उकरलं. दहा पावलं. पुन्हा थांबलं. उचलून खांद्यावर घेतली, तर चिखलानं ती दुप्पट जड झालेली. मोडलेली मांडी ठणकायला लागली.

रानापलीकडं मांडव दिसत होता. एवढा वेळ भोंग्यावर गाणी वाजत होती, ती बंद झाली. मग माइक खरखरला. "व्यंकटी गुरुजी जिथं असतील तिथून त्यांनी लवकर यावं."

जिथं होते तिथं गुरुजी गुडघ्यावर बसून बोटांनी चिखल काढत होते. अंगावरचा सदरा अजून दुधासारखा. पायी निघावं तर सदरा वाचेल, वेळ जाईल. त्यानं पुन्हा सायकल ढकलली. पुन्हा चाक अडलं.

"नवरदेवाची ब्याग जीपमध्ये ठेवून घ्यावी," भोंगा म्हणाला.

व्यंकटीनं क्लिपा चाचपल्या. पाना घरी. त्यानं सायकल आडवी पाडली, चाकावर पाय दिला आणि पुढचं मडगार्ड दोन्ही हातांनी ओढलं. क्लिप सुटेना. पत्र्याची धार तळव्यात शिरली. दुसऱ्या हिसक्याला ते उपटून आलं. मागचं त्याहून चिवट. ते वाकलं, पिळलं, शेवटी काड्यांसकट निघालं. दोन्ही बांधावर फेकून तो सायकलवर बसला आणि मांडीची पर्वा न करता पायडल मारत सुटला. मागचं चाक पाठीवर थपाथपा चिखल हाणत होतं. प्रत्येक थाप त्याला मोजून मारल्यासारखी लागत होती.

जीप चालू होती. सुगतचा एक पाय आत, एक बाहेर. नवरी, बुद्धप्रिया, हार हातात घेऊन ताठ उभी.

"आले! गुरुजी आले!"

हात तेवढे धुतले. पुसायला कुणी टॉवेल पुढं केला, तर व्यंकटी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पुसलं की पसरंल."

तो प्रतिमांपुढं उभा राहिला. मागं सगळा मांडव. ओला चिखल मणक्यावरून खाली सरकत होता. कुणीतरी फिसकलं. याला आता कळत होतं, कशाला फिसकले ते. त्यानं श्वास घेतला आणि त्रिशरण सुरू केलं. एक अक्षर गिळलं नाही, एक ओळ पळवली नाही. दुसऱ्या ओळीला मागून सगळा मांडव म्हणू लागला, आणि त्यात फिसकणारेही होते.

हार पडले. सुगत आणि बुद्धप्रिया जीपमध्ये बसून मुदखेडकडं गेले, तेव्हा कुठं व्यंकटी खुर्चीवर टेकला. टेकताना पाठ मात्र खुर्चीला लागू दिली नाही. मांडववाल्याची खुर्ची पांढरी होती.

संध्याकाळी शेषेराव शेतातून येताना दोन्ही मडगार्डं काखेत मारून आला. "गुरुजी, तुमचे पैंजण."

सरजाबाई सदरा भिजवत होती. बाजेवरच्या पिशवीकडं बोट दाखवून म्हणाली, "इचारा की त्यास्नी, ही पिशवी काहून नेली न्हाई."

"ठेवायला जागा नव्हती म्हणून," व्यंकटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला पुन्हा ठोकाठोकीनं जाग आली. बापाच्या सायकलचं कॅरेज निघालं होतं. गिअरच्या सायकलला ते बसवायला भोकंच नव्हती.