उझोचा थेंब तळहातावर

पेल्यात पाण्यासारखं नितळ काहीतरी होतं. निकोसनं त्यात थोडं थंड पाणी ओतलं आणि बघता बघता सगळ्याचं दूध झालं! नितळात नितळ मिसळलं, तर हे पांढरं आलं कुठून? माझी शाळा चौथीपर्यंतची, मला कोण सांगणार? मी नुसती बघत राहिले.

ही ग्रीक लोकांची दारू, उझो. माझ्या मुलानं, अभिनं, कॉम्प्युटरची नोकरी सोडली आणि या ग्रीक मित्राबरोबर इथे परदेशात, बॉथेल नावाच्या गावात ती गाळायला घेतली. पहिला घाणा तयार होता, दुसऱ्या दिवशी बाटल्या भरायच्या होत्या. चाखायला बोलावलेल्या मंडळींनी घुटके घेतले आणि ‘ऑसम’ म्हणून माना डोलावल्या.

मी पीत नाही. पण गावी वैद्यांकडे तीस वर्षं बडीशेपेचा आणि ओव्याचा अर्क मी काढला आहे. पाणी न घातलेला एक थेंब तळहातावर घेतला, हात चोळले आणि हुंगले. अगं बाई! बडीशेपेचीच कोणी परदेशातली बहीण, तिच्याहून थंड, तिच्याहून ठसकेबाज. कुठला हा देश, कुठली ती माणसं, आणि बी तेवढं ओळखीचं! पण अर्काचं खरंखोटं पहिल्या वासात कळत नाही. हात सुकेपर्यंत थांबले, पुन्हा हुंगले. मागे करपट वास राहिला होता.

“शेवटी आच वाढवलीत,” मी म्हणाले.

“आई, प्लीज, आत्ता नको यार.”

“मग मला कशाला बोलावलंस? मान डोलवायला?”

निकोसला मराठी कळत नाही, पण अभिचा चेहरा कळला. त्यानं विचारलं, तेव्हा अभिला सांगावंच लागलं. निकोसनं स्वतःच्या तळहातावर थेंब घेतला, चोळला आणि सुकू दिला. मग हात हुंगून त्यानं अभिकडे पाहिलं.

“शेवटचा तास मी बघत होतो,” अभि म्हणाला. “घरी जायची घाई होती. मीच वाढवली.”

निकोस रागावला नाही. रिकाम्या बाटल्यांची खोकी त्यानं उचलून मागे ठेवली.

पहिल्या घाण्याचं सगळं काम या दोघांनी एका म्हातारीच्या नाकावर विश्वास ठेवून मोडीत काढलं! मला बोलणं सोपं होतं. ते ऐकून घेणं किती अवघड असेल?

दोन दिवसांनी नवा घाणा लागला. शेवटच्या तासाला अभि फोन गाडीत ठेवून आला आणि तांब्याच्या भांड्यासमोर बसला. नळीतून एकेक थेंब पडत होता, आपल्याच चालीनं. एरवी दोन मिनिटं स्वस्थ न बसणारा माझा मुलगा त्यातल्या एकालाही लवकर पड म्हणत नव्हता.